वैनी नाही म्हणाल्या

शालन,

तुझ्या कॉलेजच्या अंकात तुझ्यावर काही पानं येणार आहेत. प्राचार्य स्वतः कळसला आले होते. ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडमना तुम्हीच वाढवलंत. चार आठवणी लिहून द्या." मी हो म्हटलं. तुझा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं हे दुसरं कुणी लिहील. तू साधी राहायचीस, मुलांना स्वतःची पुस्तकं देऊन टाकायचीस, हेही लिहितील आणि ते खरंच आहे. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती तुला तोंडावर सांगायला हवी होती. पुण्याच्या दवाखान्यात सोळा दिवस मी तुझ्या खाटेशेजारी बसून होते. सांगितली नाही. तुला जाऊन आज पाच आठवडे झाले.

गोष्ट अंड्यांची आहे. पण ज्यांना काहीच ठाऊक नाही तेही हा अंक वाचतील, म्हणून आधीपासून सांगते. तुला ठाऊक असलेलं पुन्हा ऐकावं लागेल.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू पाचवीत होतीस. सासूबाई आधीच गेलेल्या. पहिल्याच आठवड्यात तू विचारलंस, "वैनी, तुमाला कोंबडी सोलाय येती का?" येते म्हटलं. "मग आतडी मला द्या. बघायची हायेत." नवऱ्याची धाकटी बहीण म्हणून तू बांगड्या मागशील, केस विंचरून मागशील, असं मला माहेरी सांगून धाडलं होतं. तू आतडी मागितलीस. तुझी माझी ओळख तिथून.

तेव्हा आपल्याकडे मेंढरं होती. तू सातवीत असताना ती दुसऱ्याच्या वांग्याच्या रानात शिरली. तिथं आदल्या दिवशी औषध मारलेलं होतं. दुपारपर्यंत अकरा मेंढरं आडवी. तोंडाला फेस, पाय थरथरतात, पण उठता येत नाही. सगळे ओरडत होते आणि तू एकेकीचे पाय चाचपून बघत होतीस.

"आबा, पाय तर मोडल्यालं न्हाईत. मग उठत का न्हाईत?"

"औषधानं आतली तार गेली, पोरी."

"तार म्हंजे? आन् औषधानं ती कशी जाती?"

"ते तू शिक आन् मला सांग. मला काय ठावं."

मामंजींच्या त्या उत्तरापायी तू प्राणिशास्त्र घेतलंस, असं मी म्हणायची. तू म्हणायचीस, उगाच गोष्ट रचू नका, मला गणित जमत नव्हतं म्हणून घेतलं. दोन्ही खरं असेल. पण एक नक्की. त्या औषधाचा वास त्या दिवसापासून आपल्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा झाला. माझ्याही.

मेंढरं गेली. मी कोंबड्यांचं शेड घातलं. तू बारामतीला शिकवायला लागलीस आणि काही वर्षांनी पुण्याच्या सरांकडे पीएचडीला नाव घातलंस. तुझा विषय घरात कुणाला कळायचा नाही, म्हणून एका रविवारी मटण शिजत असताना तू मला चुलीपाशी बसून शिकवलास. "तुमी ह्यात कच्च्या पपईची फोड टाकता न्हवं? त्यात जे असतं, ज्यानं मटण लवकर मऊ होतं, ते एन्झाइमच. तसली शेकडो आपल्या अंगात कामं करतात. एकेकाचं एकेक काम." मग तुझ्या एन्झाइमचं नाव सांगितलंस. ॲसिटिलकोलिनएस्टरेज. मला ते म्हणता येईपर्यंत मटण लागलं.

त्याचं ठरलेलं काम काय, तर नसेनं स्नायूला निरोप दिला की मागं राहिलेला निरोप झाडून टाकायचा. झाडलं नाही तर स्नायू थरथरत राहतो आणि शेवटी थकून पडतो. मेंढरांचं तेच झालं होतं. पण तुला पडलेला प्रश्न वेगळा होता. अंड्यात पिल्लू तयार होत असतं, नस अजून स्नायूपर्यंत पोचलेलीही नसते, निरोप द्यायला कुणी नसतं, तरी ते एन्झाइम चेतापेशीच्या आत हजर असतं आणि काम करत असतं. घर बांधायच्या आधीच झाडू कशाला आणून ठेवलाय? तुझं म्हणणं होतं, ते तिथं झाडायला नाहीच. पेशीतून जो तंतू फुटतो आणि पुढं जातो, त्याला पुढं ढकलायचं काम ते करतं. सर म्हणायचे, हजर आहे म्हणजे काम करतंय असं नाही.

मला एकदा पुण्याला नेऊन तू सूक्ष्मदर्शकातून दाखवलंस. "एक डोळा झाका वैनी. न्हाय, तो न्हाय, दुसरा." आठ दिवस उबवलेल्या अंड्यातलं पिल्लू, त्याच्या पाठीच्या कण्याशेजारच्या गाठीतल्या पेशी सुट्या करून तू काचेच्या वाटीत ठेवल्या होत्यास. एका दिवसात त्यांना तंतू फुटले होते. मी म्हटलं, "उसाच्या कांडीला मुळ्या फुटतात तसं दिसतंय." तू इतकी हसलीस की शेजारच्या पोरी बघायला लागल्या. पुढं तेच वाक्य तू वर्गात सांगायला लागलीस, माझं नाव घेऊन. तंतूच्या टोकाला एक पसरट पंजा होता. तो उघडायचा, मिटायचा, थोडा पुढं सरकायचा, आंधळ्या माणसानं भिंत चाचपावी तसा. मी बराच वेळ बघत राहिले. तसं काही मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ते तू दाखवलंस, त्याचे आभार मानायचे राहिले. त्या वेळी मी एवढंच म्हटलं होतं की एसटी चुकेल.

तुझा प्रयोग मला कळला तो असा. दोन वाट्या. एकीत पेशी साध्या. दुसरीत एन्झाइमचं काम बंद पाडणारं औषध. साध्या वाटीत तंतू लांब जातात, औषधाच्या वाटीत आखूड राहतात. औषध धुऊन काढलं, एन्झाइम परत चालू झालं, की आखूड राहिलेले तंतू पुढं सरकायला लागतात. असं पुन्हा पुन्हा दिसलं तर सरांना मान्य करावं लागेल.

आपला वाद मात्र यावर नव्हता. मी विचारायची, "ढकलतं का नुसतं सोबत असतं, हे ठरवून हुणार काय? कुणाचा पाय उठणार हाय?"

"आज न्हाय उठणार."

"मग?"

"मशीनमधी हात गेल्याला माणूस बघितला न्हाय का तुमी? नस शिवत्यात, पर बोटं परत हालत न्हाईत. तंतूला ढकलतं कोण हेच कळलं न्हाय तर उद्या ढकलायचं कसं?"

"उद्याचं उद्या बघू. आज भाकरी थाप." असं म्हणून मी वाद तोडायची. तो कधीच पुरा झाला नाही. आज तुझ्या बाजूनं मी बोलेन, पण आता त्याचा उपयोग नाही.

अंडी तुला आपल्याच शेडातली पाहिजे होती. पुण्यात हॅचऱ्यांना तोटा नव्हता. पण तू म्हणालीस, कुठल्या कोंबडीचं अंडं, तिला काय घातलं, काय टोचलं, हे मला ठाऊक असलं पाहिजे, आणि ते मला फक्त तुमच्याकडून कळेल. मी चाळीस कोंबड्या आणि चार कोंबडे वेगळ्या जाळीत काढले. तू अट घातलीस: त्यांना औषध नाही, लस द्यायची तर आधी सांगून, आणि फवारणी अजिबात नाही. मी म्हटलं, बरं. तेव्हाच तू मला दुसरीही सवय लावलीस. "जे करता ते कॅलेंडरवर लिहित जावा वैनी. डोक्यात ठेवू नका." मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला लागले. दूध, गॅस, खाद्याची पोती, सगळं.

दर पंधरा दिवसांनी तू टोपलीत भुसा घालून अंडी न्यायचीस. कळस ते बारामती, बारामती ते पुणे, टोपली मांडीवर. एक कंडक्टर दर वेळी चेष्टा करायचा. "मॅडम, वाटंत पिल्लं निघाली तर त्येंचं अर्धं तिकीट घ्यावं लागंल बरं का." तू त्याला म्हणायचीस, "निघाली तर तुमच्या नावानं एक सोडते." पहिल्या वर्षी सगळं नीट चाललं. तू खूष असायचीस. जेवताना वाटीत बोट फिरवून तंतू काढून दाखवायचीस.

दुसऱ्या वर्षी कोंबड्यांना उवा झाल्या.

ज्यांनी शेड बघितलंय त्यांना सांगायला नको. उवा एका जाळीत थांबत नाहीत. कोंबड्या पिसं उपटायला लागतात, खायच्या थांबतात, अंडं बंद होतं. मोठ्या शेडात फवारणी केली आणि तुझ्या चाळीस तशाच ठेवल्या तर आठ दिवसांत सगळं परत. तुला विचारायला पाहिजे होतं. तू म्हणाली असतीस, अंडी महिनाभर घेत नाही, आधी कोंबड्या बऱ्या करा. पण तेव्हा तुझी सरांपुढं मोठी तपासणी आली होती, अंडी थांबली असती तर तू अडकली असतीस, आणि मला वाटलं, थोडं पातळ करून मारलं तर काय होतंय. डाळिंबासाठी आणलेलं औषध होतं. पंप पाठीला लावला, मी स्वतः मारलं. अंगावर, भिंतींवर, अंडी घालायच्या खोक्यांतल्या भुशावरसुद्धा. वास तोच, मेंढरांचा. मला तो आला. मी तोंडाला पदर बांधला आणि मारत राहिले. त्या वर्षात असं तीनदा केलं.

पहिल्या फवारणीनंतरची टोपली गेली आणि तुझ्या साध्या वाटीतल्या पेशी वाढेनाशा झाल्या. काही वेळा वाढायच्या, काही वेळा नाही. साधी वाटीच वाढत नसेल तर औषधाच्या वाटीला अर्थ काय? एन्झाइमचं काम मोजलं तर तेही कमी. सर म्हणाले, तुझी काचसफाई नीट नाही. तू सगळी भांडी नवी घेतलीस. पाणी बदललंस. मग सर म्हणाले, हात हलका नाही. मेंढरांच्या घरातली पोरगी, हात जड असायचाच, असंही कुणीतरी तिथं म्हणालं. ते तू मला हसत सांगितलंस आणि ताटावरून उठून गेलीस.

त्याच्या पुढच्या रविवारी तू चुलीपाशी आलीस. मी भाकरी थापत होते. तू सरळ विचारलंस.

"वैनी, शेडात काय मारलं व्हतं का?"

"न्हाय."

"जाळीत न्हाय, पर बाजूला कुठं?"

"न्हाय म्हटलं न्हवं."

तू बरं म्हणालीस आणि ताट घेऊन बसलीस. कॅलेंडर तुझ्या डोक्यावर, खिळ्याला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "शेड फवा." तू मान वर केली असतीस तर दिसलं असतं. तू केली नाहीस. तुला उत्तर मिळालं होतं.

मी खोटं का बोलले, याचं चांगलं कारण माझ्याजवळ नाही. तू चिडशील म्हणून नाही, तू चिडायची नाहीस. अट मोडली होती आणि तू ते पकडलंस, एवढंच. भाकरी तव्यावर होती. न्हाय म्हणायला एक क्षण लागतो, सांगायला पाच मिनिटं लागली असती. आणि खरं म्हणजे, कोंबडीच्या अंगावर मारलेलं टरफलातून आत पिल्लापर्यंत जाईल, हे मला पटलंच नसतं.

वर्षाअखेरीला तू नाव काढून घेतलंस. मला म्हणालीस, "सोडलं वैनी. मुलांचा अभ्यासक्रम पुरा करते, तेवढं बास." त्या दिवशी तू तुझ्या चाळीस कोंबड्या मोठ्या शेडात सोडायला स्वतः आलीस. जाळीचं दार उघडून बाजूला उभी राहिलीस. त्या बाहेर यायला तयार नव्हत्या. तूच एकेक उचलून नेलीस.

दीड वर्षापूर्वी शेजारच्या मळ्यातला गडी डाळिंब फवारताना पडला. तोंडाला फेस. आम्ही त्याला जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. तो वाचला. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. म्हणाला, हे औषध नसांमधलं एक एन्झाइम बंद पाडतं, आणि त्यानं नाव घेतलं. चुलीपाशी मला म्हणता येत नव्हतं ते नाव. मी विचारलं, "कोंबडीवर मारलं तर अंड्यातल्या पिल्लाचं बंद पडतं का?" तो म्हणाला, "का नाही? टरफलातूनही आत जातं." आणि मग त्यानं विचारलं, तुम्ही नर्स आहात का.

तुझी खोली तिथून दहा मिनिटांवर होती. मी बसस्टँडवर गेले आणि कळसची गाडी धरली.

मला सगळं कळलं होतं. तुझी साधी वाटी साधी नव्हतीच. एन्झाइम बंद पाडणारं औषध तिच्यात आधीच गेलेलं होतं, माझ्या पंपातून. तुझा हात जड नव्हता. ज्या वाट्यांनी तू हरलीस त्या तुझंच म्हणणं सांगत होत्या: एन्झाइम थांबलं, तंतू थांबला. मी सांगितलं असतं तर तू पुन्हा नाव घातलं असतंस, मला ठाऊक आहे. मी ठरवलं दिवाळीला सांगू. दिवाळीला पाहुणे होते. मग संक्रांतीला. मग तुला ताप यायला लागला, मग रक्त तपासलं, मग पुणे. रक्ताचा कॅन्सर, पुढं गेलेला.

दवाखान्यात अकराव्या दिवशी तुला जरा बरं वाटत होतं. मी मऊ भात भरवत होते. तू हात वर धरून बघितलास, सुया टोचून काळा पडलेला.

"हातच वाईट माझा. सर बरोबर म्हणत हुते."

"गप जेव."

"वैनी, बारामतीच्या खोलीत वह्या हायेत. जाळून टाका. कुणी बघायला नको."

"बघू."

तेव्हा सांगायचं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तू शुद्धीवर होतीस, तुला ऐकायला आवडलं असतं. शिव्या दिल्या असत्यास आणि मग लगेच विचारलं असतंस, किती पातळ केलं होतं, किती दिवसांच्या अंतरानं. मला तुझा तो चेहरा दिसतो. मी चमचा पुढं केला. तू तोंड उघडलंस. पाच दिवसांनी तू गेलीस.

तेराव्यानंतर मी तुझ्या खोलीतलं सामान आणलं. वह्या जाळल्या नाहीत. तुझं एवढं ऐकलं नाही. जुनी कॅलेंडरं मी पेटीत ठेवते, ती काढली आणि तुझ्या वहीशेजारी मांडली. माझ्या तीन फवारण्या. प्रत्येकीनंतर दोन टोपल्या तुझ्या वहीत वाईट, मग हळूहळू बऱ्या, मग पुन्हा वाईट. सहाच्या सहा जुळल्या.

तुझ्या सरांना मी एसटीडी बूथवरून फोन केला. फवारण्यांच्या आणि टोपल्यांच्या तारखा एकेक करून वाचून दाखवल्या. त्यांनी त्या लिहून घेतल्या. मग म्हणाले, "जुळतं. पण जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, त्या औषधानं पेशीचं आणखीही नुकसान होतं. पुन्हा करून बघावं लागेल." मी विचारलं, कोण करणार? ते म्हणाले, "तिच्यासारखं करणारं सध्या माझ्याकडे कुणी नाही." हेही तू ऐकायला पाहिजे होतंस. वह्या आणि कॅलेंडरं मी त्यांच्याकडे पाठवणार आहे. काही होईल असं मला वाटत नाही. तरी पाठवणार.

प्राचार्यांनी हे छापलं नाही तर मी समजेन. त्यांनी आठवणी मागितल्या होत्या. पण कॉलेजात अजून लोक म्हणतात, मॅडम हुशार होत्या पण प्रयोगाला हात नव्हता. ते खोटं आहे आणि त्या खोट्याचं मूळ माझ्याकडे आहे, म्हणून लिहिलं.

आणखी एक सांगायचं. तुझा वहीचा नियम मला माहीत होता. खात्रीचं शाईनं, शंकेचं पेन्सिलनं. दुसऱ्या वर्षाच्या वहीत, पहिल्या वाईट टोपलीच्या पानावर कडेला शाईनं लिहिलंय, "टरफलाला वास." त्याखाली पेन्सिलनं, "फवारणी?" त्याखाली पुन्हा शाईनं, "वैनींना विचारलं. नाही म्हणाल्या." आणि मग "फवारणी?" वर एक सरळ रेघ.

तुला वास आला होता. तुझ्या नाकापेक्षा तू माझ्या शब्दावर भरवसा ठेवलास आणि तो शाईनं लिहिलास.

काल त्या ओळीखाली मी लिहिलं, "मारलं होतं. तीनदा." तारखा घातल्या, सही केली. शाईनं.